अंगणातील हमिंगबर्ड आणि साखरपाण्याचे फीडर

रानजाई (न्यू जर्सी), ४ मे

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरी हमिंगबर्डचे फीडर बेसमेंटमधून वर येतात. ओळखीची मराठी मंडळी उन्हाळ्यात घरी आली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी थबकतात आणि घरी पोहोचल्यावर फोन करतात : साखर किती घालायची, फीडर कुठे टांगायचे, आमच्याकडे पक्षी का येत नाहीत. तीच उत्तरे पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा ती एका जागी असावीत, आणि निरनिराळ्या राज्यांत राहणाऱ्यांनी त्यांत भर घालावी, यासाठी हा चर्चेचा धागा काढत आहे.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे वीण करणारी हमिंगबर्डची एकच जात आहे, ती म्हणजे रूबी-थ्रोटेड. त्यामुळे उन्हाळ्यात ओळख पटवण्याची कटकट इकडे नाही. पाठ चकचकीत हिरवी, पोट मळकट पांढरे आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या गळ्याला गडद लाल पट्टा. हा लाल म्हणजे रंगद्रव्य नव्हे. पिसांच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना तो उमटतो, म्हणून नराने मान जराशी फिरवली की तोच गळा काळाठिक्कर दिसतो आणि पाहुणे हा दुसरा पक्षी का, असे विचारतात. मादीचा गळा पांढरा असतो आणि शेपटीच्या कडेच्या पिसांची टोकेही पांढरी असतात. वजन जेमतेम तीन ग्रॅम. एवढासा जीव हिवाळा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पट्ट्यात काढतो, आणि परतताना त्यांपैकी अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात, म्हणजे साधारण ८०० किलोमीटर समुद्र, कुठेही न टेकता ओलांडतात. त्या प्रवासापूर्वी ते अंगावर इतकी चरबी चढवतात की वजन जवळजवळ दुप्पट होते. आमच्याकडे पोहोचेपर्यंत एप्रिल सरत आलेला असतो.

आता साखरपाणी. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. याहून अधिक काहीही नाही. मी पाणी उकळून त्यात साखर विरघळवते, पूर्ण गार करते आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवते. या पक्ष्यांच्या आवडत्या फुलांतील मकरंदाची गोडी साधारण याच प्रमाणाच्या आसपास असते. बाजारात मिळणारे लाल पाणी विकत घेण्याची काहीही गरज नाही, फीडरचा लाल रंग पक्ष्यांचे लक्ष वेधायला पुरेसा आहे. मराठी घरात हमखास येणारी सूचना म्हणजे साखरेऐवजी गूळ घालावा, तो पौष्टिक असतो. आमच्या सासूबाईंचा तर तोच आग्रह होता. परंतु गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह असते, आणि जास्तीचे लोह या पक्ष्यांना अपायकारक ठरते. मध घातल्यास पाणी लवकर आंबते आणि त्यात बुरशी धरते. आपल्याला जे गुणकारी ते त्यांनाही गुणकारी, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

फीडर शक्यतो अर्ध्या सावलीत टांगावे आणि खिडकीच्या काचेपासून एकतर तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांच्या पलीकडे असावे. मधल्या अंतरावर टांगले तर पक्षी पूर्ण वेगात असताना काचेवर आदळण्याचा धोका वाढतो. अगदी जवळ असले तर त्याला तेवढा वेग घेण्यास जागाच मिळत नाही.

आमचे फीडर काचेलगतच आहे, त्यामुळे ओट्याशी उभे राहून जे दिसते ते दुर्बिणीतूनही दिसणार नाही. मादी छिद्रासमोर हवेत स्थिर होते, चोच आत जाते, आणि काही क्षणांत उलट्या बाटलीतून एक बुडबुडा डुचमळत वर जातो. ती अर्धा वीत मागे सरकते, चहूकडे नजर टाकते, पुन्हा पुढे येते, आणि आणखी एक बुडबुडा. बसायला दांडी असली तर ती बसते, मात्र बसल्यावरही मान एका जागी राहत नाही. त्या मान वळवण्याचे कारण पुढे लिहीनच, कारण आमच्या अंगणातला नर हा स्वतंत्र विषय आहे.


कोकणकडा (ऑस्टिन, टेक्सास), ५ मे

रानजाईताई, धागा वेळेवर काढलात. आमच्याकडे उन्हाळ्यात मुक्कामाला असतो तो ब्लॅक-चिन्ड. रूबी-थ्रोटेड मुख्यतः येता-जाता दिसतात. ब्लॅक-चिन्ड नराचा गळा काळा असतो आणि त्याच्या खालच्या कडेला जांभळी पट्टी असते, परंतु योग्य कोनातून ऊन पडल्याशिवाय ती दिसत नाही. माद्या मात्र दोन्ही जातींच्या इतक्या सारख्या असतात की मी त्यांना वेगळे ओळखण्याचा नाद सोडला आहे.

टेक्सासच्या उन्हाळ्याविषयी एक गोष्ट ठासून सांगतो. पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर गेला की साखरपाणी रोज बदलावे लागते. पाणी गढूळ दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झालाच असे समजावे. छिद्रांभोवती काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. गरम पाणी, व्हिनेगर आणि बारीक ब्रश यांनी फीडर पूर्ण सुटे करून धुवावे आणि नंतर भरपूर पाण्याने खळबळून घ्यावे. ज्याचे सगळे भाग सुटे होत नाहीत ते फीडर कितीही शोभिवंत असले तरी विकत घेऊ नये. दुकानात काचेची नक्षीदार फीडर पाहून मोह होतो, पण त्यांच्या आतल्या कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नाही. तसेच फीडर काठोकाठ भरू नये. दोन दिवसांत संपेल इतकेच भरावे.

मुंग्यांसाठी फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते. आपल्या आज्या दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असत, अगदी तीच युक्ती. तारेला तेल किंवा व्हॅसलीन फासण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये. ते पिसांना लागले तर पक्ष्याला काढता येत नाही. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचा त्रास असेल तर बाटलीचे फीडर बदलून बशीच्या आकाराचे आणावे. त्यात पाण्याची पातळी छिद्राच्या बरीच खाली असते. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर पोहोचते, माशीची पोहोचत नाही.


तळ्याकाठी (नॉर्थ कॅरोलिना), ६ जून

नवीन घरात आल्यावर वरील सर्व सूचना पाळून फीडर टांगले. मे महिन्यात एक नर अधूनमधून येत असे, आता तर तोही दिसत नाही. पाणी वेळच्या वेळी बदलते आहे. जागा चुकली असेल का? शेजारीण म्हणते की यंदा तिच्याकडेही पक्षी कमी आहेत.


रानजाई (न्यू जर्सी), ६ जून

जागा बदलू नका. जूनमध्ये पक्ष्यांची ही उणीव बहुतेक ठिकाणी जाणवते. रानात फुले भरपूर असतात आणि माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्लांना भरवणे हे सर्व मादी एकटीच करते. मीलनानंतर नराचा संसाराशी काही संबंध राहत नाही. अंडी बहुधा दोन, दोन आठवड्यांच्या आसपास उबवण आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे पिल्ले घरट्यात, असा हिशेब धरला तर जुलैच्या मध्यापासून गर्दी का वाढते ते कळेल. पिल्ले उडू लागली की ती, त्यांच्या आया आणि दक्षिणेकडे निघण्यासाठी चरबी साठवणारे नर, असे सर्वजण एकाच वेळी फीडरवर येतात. खरा उन्हाळी खेळ जुलै आणि ऑगस्टचा. मे महिन्यात एखाद-दुसरा पाहुणा, एवढेच समजायचे.

तोपर्यंत फुलझाडांकडे पाहा. तुमच्या भागातली मूळची कोरल हनीसकल वेल लावलीत तर उत्तम. नर्सरीत जपानी हनीसकलही असते, ती मात्र रानोमाळ पसरून स्थानिक झाडांचा गळा घोटते. ओलसर जागा असेल तर कार्डिनल फ्लॉवर, उन्हाच्या जागी बी बाम. तळ्याच्या काठाला ज्यूएलवीड आपोआप उगवत असेल तर उपटू नका. तो आपल्या तेरड्याचाच भाऊबंद आहे आणि ऑगस्टच्या अखेरीस रूबी-थ्रोटेडचे त्यावाचून पान हलत नाही. मराठी मंडळींना कर्दळ लावायची असेल तर तीही खुशाल लावावी, ती मुळात याच खंडांची आहे आणि हमिंगबर्ड तिच्यावर येतात.

आता त्या नराविषयी. आमच्या अंगणात मेपलच्या एका वाळक्या काटकीवर एक नर बसलेला असतो. तेथून त्याला दोन्ही बाजू दिसतात. दुसरा कोणीही फीडरजवळ आला की तो चिट-चिट असा बारीक, रागीट आवाज करत तीरासारखा सुटतो आणि आलेल्याला कुंपणापलीकडे पिटाळून लावतो. स्वतः पीत नाही, दुसऱ्याला पिऊ देत नाही. मादीची मान सतत फिरत असते ती याच्या भीतीने. यावर उपाय म्हणजे दुसरे फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असे टांगावे. एकाच खांबावर चार टांगल्याने काही साधत नाही, त्याचे राज्य तेवढे मोठे होते. जुलैअखेरीस गर्दी इतकी होते की राखण करणे त्याला परवडत नाही, आणि मग एकाच वेळी तीन-चार पक्षी पिताना दिसतात.


गुलबक्षी (पुणे), ११ जून

फार सुरेख माहिती मिळते आहे. एक शंका आहे. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत जास्वंदीवर रोज सकाळी एक जोडी येते. नर निळाजांभळा चमकतो, चोच लांब आणि वाकडी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तर सर्वांनी हमिंगबर्ड म्हणून अभिनंदन केले. भारतात हे पक्षी येतात का? येत असतील तर मीही साखरपाणी टांगू का?


पाणथळ (बे एरिया, कॅलिफोर्निया), ११ जून

गुलबक्षीताई, तुमच्याकडे येणारा पक्षी म्हणजे शिंजीर, बहुधा जांभळा शिंजीर. हमिंगबर्ड हे केवळ अमेरिका खंडांत, अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत आढळतात. सुमारे साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, पण समुद्र ओलांडून एकही भारतात येत नाही. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचे नाते दूरचे आहे. दोघे मकरंद पितात म्हणून दोघांची चोच लांब झाली, इतकेच. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसून पितो आणि अधूनमधून थोडा वेळ फडफडत राहतो. हमिंगबर्ड पंखांच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही फटकाऱ्यांत वर उचलणारे बल निर्माण करतो, म्हणून तो हवेत स्थिर राहतो आणि उलटाही उडतो.

गंमत म्हणजे हमिंगबर्डचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक तुमच्या पुण्यात भरपूर आहेत : संध्याकाळी जुन्या वाड्यांवरून किलकिलाट करत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. आणखी एक भर घालतो. जर्मनीत हमिंगबर्डचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणजे जुन्या जगात त्यांचे पूर्वज एके काळी होते. सध्याचा काळ मात्र शिंजिरांचा आहे. संध्याकाळी फुलापाशी हवेत तरंगणारा, पिसे नसलेला काही दिसले तर तो हॉकमॉथ नावाचा पतंग असतो. त्याचेही फोटो हमिंगबर्ड म्हणून फिरत असतात.

साखरपाण्याची गरज नाही. जास्वंद आहेच, गच्चीत जागा असेल तर आणखी दोन कुंड्या वाढवा आणि त्यांवर औषध फवारू नका, कारण शिंजीर पिल्लांना किडे भरवतात.


स्पष्टवक्ता (इलिनॉय), ३० जून

धागा वाचनीय आहे, पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही म्हणून विचारतो. हा सगळा खटाटोप पक्ष्यांसाठी आहे की आपल्यासाठी? हे पक्षी लाखो वर्षे फीडरवाचून जगले. आपण साखरपाणी टांगतो, ते आयते पिण्यास शिकतात, पाणी आंबले तर आजारी पडतात, आणि आपण मात्र खिडकीतून पाहून खूष होतो. त्याच लोकांच्या अंगणात दर महिन्याला डासांची फवारणी होते आणि एकही देशी झाड नसते. मी स्वतः फीडर लावत नाही. फुले लावली आहेत आणि पक्षी येतात.


रानजाई (न्यू जर्सी), १ जुलै

स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर म्हणजे फीडर हे प्रामुख्याने आपल्यासाठीच असते. साधारण उन्हाळ्यात, फुले आणि किडे भरपूर असलेल्या ठिकाणी, रूबी-थ्रोटेडला आमच्या स्वयंपाकघराची निकड नसते. फीडर काढले म्हणून तो उपाशी मरत नाही. तो दिवसभरात शेकडो फुलांना भेट देतो आणि फीडर हा त्या फेरीतला एक थांबा असतो.

फवारणीचा तुमचा मुद्दा तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साखर म्हणजे केवळ इंधन. प्रथिने, क्षार आणि स्निग्ध पदार्थ त्यांना चिलटे, लहान माश्या आणि कोळी यांतून मिळतात. मादी पिल्लांच्या घशात चोच खुपसून जे ओतते त्यात किड्यांचा वाटा मोठा असतो. अंगणात फवारणी करणे आणि त्याच अंगणात फीडर टांगणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे. आमच्या आळीत फवारणीची गाडी फिरते. आम्ही आमच्या कुंपणापुरती ती थांबवली आहे, पुढचे आपल्या हातात नाही. मात्र स्वच्छ फीडरने अपाय होतो असे मला वाटत नाही.


पाणथळ (बे एरिया, कॅलिफोर्निया), १ जुलै

फीडरमुळे काहीच बदलत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. आमच्याकडचा अ‍ॅनाज हमिंगबर्ड हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याखालच्या मेक्सिकोतील बाहा भागात वीण करत असे. आज तो किनाऱ्याने थेट कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापर्यंत वर्षभर राहतो. बागांमधली परदेशी फुलझाडे, विशेषतः हिवाळ्यात फुलणारे निलगिरी, आणि फीडर यांनी त्याला ही वाट करून दिली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संग्रहालयांतील जुने नमुने मोजून असे दिसले की फीडरचा प्रसार झाला तसतशी या जातीची चोच लांब आणि निमुळती होत गेली. याला हानी म्हणावे की नाही, यावर मी निर्णय देणार नाही. परंतु आपण केवळ प्रेक्षक आहोत या समजात राहू नये.

एरवी माझा अनुभव आनंदाचाच आहे. आमच्या बाल्कनीतील लिंबाच्या कुंडीत एका अ‍ॅनाज मादीने फेब्रुवारीत घरटे केले. आकार अर्ध्या अक्रोडाएवढा. आत कापसासारखे वनस्पतींचे तंतू, बाहेरून दगडफुलासारखे शेवाळाचे कपटे, आणि सगळे बांधलेले कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी. खिडकीच्या चौकटीतले जाळे ती चोचीने ओढून नेताना मी पाहिले आणि त्या दिवसापासून घरातल्या कोणालाही बाहेरची जाळी झाडू दिली नाही. हे धागे ताणले जातात, त्यामुळे पिल्ले वाढली तशी घरट्याची वाटी रुंदावत गेली. शेवटच्या दिवसांत दोन पिल्लांच्या चोची काठाबाहेर आल्या होत्या.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे हलवणे अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि रिकामे घरटे किंवा गळलेले पीसही शोभेसाठी घरात ठेवता येत नाही. आमच्या मुलीला ते शाळेत दाखवायला न्यायचे होते, तिची समजूत काढावी लागली.


तिसरा प्रहर (कोलोरॅडो), १४ जुलै

आम्ही साडेआठ हजार फुटांवर राहतो. येथे ब्रॉड-टेल्ड हमिंगबर्ड प्रथम कानाला कळतो : नराच्या पंखांच्या टोकाच्या पिसांमधून वारा जाताना किणकिणाट होतो, आणि घरात बसूनही नर आला हे समजते. मादीच्या पंखांना तो आवाज नसतो. जुलैच्या सुरुवातीला रूफस पोहोचतात. हे अलास्का आणि वायव्येकडील भागांत वीण करून दक्षिणेला निघालेले असतात, रंग तांब्यासारखा आणि स्वभाव त्याहून तापट. त्यांच्यापुढे रानजाईताईंचा मेपलवरचा नर अगदी साधुसंत ठरेल. रूफस आला की ब्रॉड-टेल्डची सगळी मंडळी झुडपांत दडून संधीची वाट पाहतात.

आमच्या राज्यात गॉथिक नावाच्या जुन्या खाणगावात रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी आहे. तेथे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड यांच्या गटाने ब्रॉड-टेल्डवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन फीडर, एकात साखरपाणी आणि दुसऱ्यात नुसते पाणी, आणि प्रत्येकाशेजारी ठरावीक रंगाचा दिवा. पक्षी दिव्याच्या रंगावरून साखर कुठे आहे हे शिकले. नुसता हिरवा आणि अतिनील मिसळलेला हिरवा, हे दोन रंग माणसाला अगदी एकसारखे दिसत होते. पक्ष्यांनी मात्र ते सहज वेगळे केले. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्यांच्या डोळ्यांत चार. आपण त्यांचे निरीक्षण करतो खरे, पण त्यांना दिसणारी बाग आपल्याला दिसतच नाही.

थंडीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जूनमध्येही रात्र गोठणबिंदूच्या जवळ जाते. तीन-चार ग्रॅमच्या शरीरात रात्रभर पुरेल इतके इंधन नसते, म्हणून हे पक्षी गरजेनुसार एका रात्रीपुरते बधिर होतात : शरीराचे तापमान झपाट्याने खाली येते आणि उडताना मिनिटाला हजाराच्या वर जाणारे हृदयाचे ठोके पन्नासाच्या आसपास येतात. पहाटे त्यांना पुन्हा ऊब आणायला काही वेळ लागतो. अशा अवस्थेत काटकीवर निपचित बसलेला पक्षी दिसला तर त्याला मेला समजून उचलू नका.

आणि अस्वले. आम्ही संध्याकाळी पक्षी झोपायला गेले की फीडर घरात घेतो आणि पहाटे परत टांगतो. वास लागलेले अस्वल साखरपाण्यासाठी डेकचा कठडा मोडते, आणि माणसाच्या वस्तीला सरावलेल्या अस्वलाचा शेवट चांगला होत नाही. ज्यांना हे रोज जमणार नाही त्यांनी या भागात केवळ फुले लावावीत.


कोकणकडा (ऑस्टिन, टेक्सास), १५ जुलै

तिसरा प्रहर यांनी डोळ्यांचे सांगितले, मी जिभेचे सांगतो. ही जीभ नळीसारखी असते आणि केशाकर्षणाने पाणी आपोआप वर चढते, असे शे-दीडशे वर्षे पुस्तकांत छापले जात होते. कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०११ आणि २०१५ मध्ये ते खोडून काढले. जिभेचे टोक दुभंगलेले असते आणि त्याच्या कडांना झालर असते. द्रवात शिरताच झालर उलगडते, बाहेर येताना मिटते आणि थेंब आत अडकतो. शिवाय चोचीतून बाहेर पडताना जिभेच्या पन्हळी दाबल्या जातात आणि मकरंदात शिरताच फुगतात, त्यामुळे द्रव आत ओढला जातो. हे सर्व सेकंदाला दहाहून अधिक वेळा.

आणि त्यांना गोडी कळते कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारे जनुक गमावले होते. २०१४ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार हमिंगबर्डमध्ये मांसाची चव ओळखणाऱ्या ग्राहीमध्ये (चव टिपणाऱ्या रेणूमध्ये) बदल होऊन तो ग्राहीच साखर ओळखू लागला. मात्र कृत्रिम गोडी असलेली पूड फीडरमध्ये घालू नये. तिच्यातून ऊर्जा मिळत नाही आणि या पक्ष्याला सारा वेळ ऊर्जेचीच विवंचना असते.

जाता जाता : फीडरवर हिरवा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर त्याला काठीने उचलून दूरच्या झुडपात सोडा. मोठ्या आकाराचे प्रार्थनाकीटक हमिंगबर्ड पकडतात. आमच्या शेजारच्या घरी हे घडले, आणि ते पाहिलेल्या मुलांना पुढे बरेच दिवस फीडरकडे पाहवत नव्हते.


तळ्याकाठी (नॉर्थ कॅरोलिना), ९ ऑगस्ट

रानजाईताईंनी सांगितल्याप्रमाणे जुलैच्या अखेरीपासून गर्दी झाली आहे. दुसरे फीडर पुढच्या दारी लावले. आता शंका दुसरीच आहे. काही पक्ष्यांचा गळा पांढरा आहे पण त्यावर बारीक काळपट रेषा आहेत, आणि एकाच्या गळ्यावर मधोमध दोन-तीनच लाल पिसे आहेत. हा आजार आहे का?


रानजाई (न्यू जर्सी), ९ ऑगस्ट

आजार मुळीच नाही, ते यंदाचे तरुण नर आहेत. त्यांच्या गळ्यावर रेषा दिसतात आणि लाल पिसे एकेक करून येऊ लागतात. पूर्ण लाल गळा पुढच्या उन्हाळ्यात. वयात आलेले नर सर्वांत आधी निघतात, आमच्याकडे ऑगस्टच्या मध्यापासूनच ते विरळ होतात. त्यांच्यामागे माद्या, आणि शेवटी ही पोरे, कोणीही वाट न दाखवता. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून असे दिसते की त्यांतले काही पुढच्या वर्षी नेमके त्याच अंगणात परततात. एका रूबी-थ्रोटेड मादीची नोंद तर नऊ वर्षांहून अधिक वयाची आहे.


स्पष्टवक्ता (इलिनॉय), २ सप्टेंबर

फीडर वेळेवर काढले नाही तर पक्षी दक्षिणेकडे जात नाहीत असे येथे सर्रास सांगितले जाते. माझे मत फीडरविरुद्ध असले तरी हे म्हणणे मला पटत नाही. जाणकारांनी सांगावे.


रानजाई (न्यू जर्सी), २ सप्टेंबर

तुमची शंका बरोबर आहे. निघण्याची ओढ दिवस लहान होण्याशी बांधलेली असते. फीडर भरलेले असले तरी पक्षी आपल्या वेळेला निघतोच, आणि उत्तरेकडून येणाऱ्या थकलेल्या पक्ष्याला मात्र सप्टेंबरात ते उपयोगी पडते, कारण तोवर फुले ओसरलेली असतात. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर निदान दोन आठवडे फीडर राहू द्यावे. मी ऑक्टोबरअखेरपर्यंत एक ठेवते. हवा गार असल्याने पाणी आता रोज बदलावे लागत नाही, चार-पाच दिवसांनी चालते.

पूर्वेकडच्या सर्वांसाठी आणखी एक कारण आहे. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात फीडरवर कोणी आलेच, तर ते रूबी-थ्रोटेड असेलच असे गृहीत धरू नका. पश्चिमेकडचे रूफस त्या सुमारास इकडे भरकटत येतात. पाठीवर किंवा शेपटीच्या बुडाशी तांबूस छटा दिसली तर शेपटी पसरलेली असताना फोटो घ्या, कारण जात ठरते ती शेपटीच्या पिसांवरून, आणि तो कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवा.